एका बेशुद्ध पडणाऱ्या माशीचा माग: ओबेद सिद्दिकी यांची कारकीर्द कशी वाचावी

पुण्यात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मेंदूचा रेणूंच्या पातळीवर अभ्यास करणाऱ्या एका वैज्ञानिकाची कारकीर्द आणि त्याचा प्रभाव यावर वीस मिनिटांचा सेमिनार द्यायचा आहे. वर्गातल्या बहुतेकांनी स्मृतीवर काम करणारे एरिक कँडेल घेतलेत. मी ओबेद सिद्दिकी घेतले. पण कँडेल यांच्या शेजारी त्यांचे सायटेशनचे, म्हणजे इतरांनी पेपरचा संदर्भ किती वेळा दिला त्याचे, आकडे ठेवले की फारच किरकोळ दिसतात. प्रभाव दाखवायचा कसा? की विषयच बदलू?"

विषय बदलू नका, मोजपट्टी बदला.

माझी बहुतेक नोकरी फळमाश्यांच्या व्हायली, म्हणजे त्या वाढवायच्या छोट्या बाटल्या, सांभाळण्यात आणि मुलांना चेतासंस्थेचं जीवशास्त्र शिकवण्यात गेली. असे सेमिनार भरपूर ऐकलेत. त्यांचा साचा ठरलेला असतो: जन्म, शिक्षण, मग पदव्या, पुरस्कारांची यादी, एक आकडा, आणि शेवटी वैज्ञानिकाचा कृष्णधवल फोटो. ऐकून उठताना मनात एकच प्रश्न राहतो, तो म्हणजे हा माणूस नसता तर नेमकं कुणाचं काय अडलं असतं? तुमच्या सेमिनारने त्याचं उत्तर दिलं तर बाकी सगळं माफ आहे.

आधी आकड्याचं बघू, कारण परीक्षक ते विचारणारच. एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडली. एखाद्याचे ३० पेपर असे असतील की प्रत्येकाचा उल्लेख किमान ३० वेळा झालाय, तर त्याचा एच-इंडेक्स ३०. मोजायला सोपा, म्हणून सगळीकडे पसरला. पण त्यात मोजला जातो तो फक्त पेपर, तोही दुसऱ्याच्या संदर्भयादीत नाव आलं तरच. आमच्या विषयात एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये जे जातं त्यातलं निम्मं पेपरच्या रूपात जातच नाही. टपालाने माश्यांची एखादी जात जाते, एखादी प्रतिपिंडाची कुपी जाते, मोजमापाची पद्धत जाते, आणि मुख्य म्हणजे माणसं जातात. माशीची जात दहा हात फिरली की तिच्यासोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर फक्त जनुकाचं नाव उरतं. ती पहिल्यांदा कुणी शोधली हे लिहायचं कुणाला सुचत नाही, आणि त्यात कुणाचा दुष्टपणाही नसतो. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी टिपलं होतं: एखादी गोष्ट विज्ञानात इतकी मुरते की तिचा उगम सांगायची गरजच कुणाला वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: सिद्दिकींची सगळी कारकीर्द वीस मिनिटांत कोंबू नका. त्यांनी शोधलेली एकच माशी घ्या आणि तिचा माग काढा. कुठली माशी, ते सांगतो. पण त्याआधी ते माश्यांपर्यंत कसे आले ते थोडक्यात.

सिद्दिकी १९३२ चे, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे. अलिगढला शिकले आणि मग ग्लासगोला ग्विदो पाँटेकॉर्वो यांच्याकडे पीएच.डी.ला गेले. तिथे ॲस्परजिलस या बुरशीतल्या एकाच जनुकाच्या आत म्युटेशन्स, म्हणजे जनुकातले बदल, कुठे कुठे बसतात याचे बारीक नकाशे त्यांनी काढले. पुढे अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याबरोबर जीवाणूंवर काम केलं. १९६२ मधला त्यांचा दोघांचा पेपर महत्त्वाचा आहे. जनुकाच्या मध्येच 'इथे थांबा' अशी चुकीची खूण पडली की प्रथिन अर्धवट राहतं. अशा काही खुणांवर जीवाणूतलं दुसरं एखादं जनुक मात करू शकतं, हे त्यात दाखवलं होतं. स्टॉप कोडॉन म्हणून आज बारावीच्या पुस्तकात जे येतं, त्याच्या शोधातली ही एक पायरी. तेवढ्या जोरावर माणूस अमेरिकेत सहज स्थिरावला असता. त्याच वर्षी होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईला आले आणि टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेत बुरशी आणि जीवाणू घेऊन शिरणं हे तेव्हा नवलाचंच होतं. हा भाग सेमिनारमध्ये दोन मिनिटांत उरका. महत्त्वाचा आहे, पण तुमचा विषय मेंदू आहे.

१९७० च्या दशकात, चाळिशी गाठलेल्या या माणसाने जीवाणू बाजूला ठेवून माशी हातात घेतली. त्यामागे सेमूर बेंझर होते. बेंझर मुळात भौतिकशास्त्रज्ञ. जीवाणूंच्या विषाणूंवर काम करून जनुकाचा अंतर्गत नकाशा त्यांनी काढला आणि मग अमेरिकेतल्या कॅल्टेकमध्ये (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) फळमाशीच्या वागण्याकडे वळले. त्यांचा पहिला पेपर १९६७ चा, प्रकाशाकडे धाव न घेणाऱ्या माश्यांवरचा. कल्पना धाडसी होती: एक जनुक बिघडवा आणि वागण्यातलं काय बिघडतं ते पाहा. वागणूक इतकी गुंतागुंतीची, ती एकेका जनुकाने कशी उलगडेल, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पण १९७१ मध्ये त्यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का याने 'पीरियड' जनुकाचे तीन म्युटंट, म्हणजे ते जनुक बदललेल्या माश्या, दाखवले. एकाचा दिवस १९ तासांचा, एकाचा २८ तासांचा, आणि तिसऱ्याला दिवस-रात्रीचा तालच नाही. त्याच जनुकाच्या पुढच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं. सिद्दिकी कॅल्टेकला गेले ते याच काळात, या प्रयोगशाळेत.

तिथे त्यांनी उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्या शोधल्या. हे तंत्र नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. चेतासंस्थेसाठी अत्यावश्यक असलेलं जनुक पूर्ण बंद केलं तर अंड्यातला जीव अंड्यातच मरतो. हाती काहीच लागत नाही, कारण जे जन्मलंच नाही त्याचं वागणं काय बघणार? पण कधी कधी म्युटेशन असं पडतं की प्रथिन नेहमीच्या तापमानाला काम करतं आणि गरम झालं की बिघडतं. मग माशी वाढवायची, मोठी होऊ द्यायची, आणि हवं तेव्हा तापमान वाढवून ते एक प्रथिन बंद पाडायचं. तापमान हेच बटण. कॅनडात डेव्हिड सुझुकी यांच्या गटाने अशा दोन माश्या आधीच शोधल्या होत्या, १९७१ मध्ये 'पॅरालिटिक' आणि १९७३ मध्ये 'शिबिरे'. सिद्दिकी आणि बेंझर यांनी तिसरी शोधली, 'कोमाटोज'. सुमारे ३८ अंशांना ती थोड्याच वेळात आडवी होते. नेहमीच्या तापमानाला परत आणली की बाकीच्या दोघी चटकन उठून चालू लागतात. ही उठत नाही. जितका वेळ उष्णतेत ठेवाल तितकी ती उशिरा शुद्धीवर येते. तुमच्या सेमिनारची नायिका हीच.

१९७६ मध्ये प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये दोघांचा पेपर आला. मुळातून वाचा, तो फुकट उपलब्ध आहे. दोन-तीन मिलिमीटरच्या माशीच्या उड्डाणस्नायूंत इलेक्ट्रोड घालून, बिघाड चेतातंतूतून संदेश वाहण्यात आहे की एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे तो पोचवण्यात, हे वेगळं काढण्याचा तो प्रयत्न आहे. जनुकाचं प्रथिन कुठलं, हे त्यांना माहीत नव्हतं आणि तेव्हा माहीत करून घेण्याचं साधनही नव्हतं. माशीची जनुकं क्लोन करण्याचे दिवस अजून यायचे होते. म्हणजे पेपरमध्ये एक नीट मांडलेलं कोडं आहे, उत्तर नाही. आजच्या एखाद्या परीक्षकाने 'यंत्रणा कुठे आहे?' म्हणून तो परत पाठवला असता.

आता पुढचा प्रवास बघा. तिन्ही माश्यांची कोडी एकामागून एक सुटली. 'पॅरालिटिक'चं जनुक निघालं सोडियम चॅनेलचं, म्हणजे चेतातंतूतून विजेची लाट ज्याच्यामुळे धावते त्या प्रथिनाचं. ते १९८९ साली. 'शिबिरे' निघाली डायनामिन, १९९१ मध्ये. पेशीच्या आवरणातून आत येणारी पिशवी मुळाशी चिमटून तोडणारं हे प्रथिन. आणि 'कोमाटोज' १९९५ मध्ये सुटली, एकोणीस वर्षांनी. लिओ पॅलँक, रिचर्ड ऑर्डवे आणि बॅरी गॅनेट्झकी यांनी दाखवलं की ते जनुक एनएसएफ नावाच्या प्रथिनाचं आहे.

एनएसएफचं नाव ऐकून त्या क्षेत्रातले लोक ताठ बसले असणार. कारण हेच प्रथिन जेम्स रॉथमन यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सस्तन प्राण्यांच्या पेशींमधून, टेस्टट्यूबमध्ये, वेगळं काढलं होतं. यीस्टमध्ये रँडी शेकमन यांनी शोधलेल्या म्युटंटांपैकी एक याच प्रथिनाचा निघाला. तिकडे थॉमस झ्यूडोफ चेतापेशीच्या टोकाशी रासायनिक संदेशाने भरलेल्या इवल्या पिशव्या रिकाम्या कशा होतात ते शोधत होते. या तिघांना २०१३ चं नोबेल मिळालं. आपली माशी त्या कहाणीत यीस्ट आणि टेस्टट्यूब यांच्या शेजारी उभी आहे, एका फरकासह: पिशव्यांच्या वाहतुकीत एनएसएफ लागतं हे टेस्टट्यूबने सांगितलं, पण जिवंत, चालत्या-उडत्या प्राण्याच्या चेतापेशीत ते अचानक बंद पडलं तर काय होतं हे दाखवायला ही माशी होती.

आणि तिने खरंच दाखवलं. सुरुवातीला समज असा होता की पिशवी आवरणाला चिकटून फुटते तो शेवटचा धक्का एनएसएफ देतं. पुढे यीस्टवरच्या कामाने आणि १९९८ मध्ये 'कोमाटोज'वरच्या कामाने चित्र पालटलं. पिशवी आणि आवरण यांना जवळ ओढणारी स्नेअर प्रथिनं एकमेकांत गुंफली जातात, अगदी चार पेडांची वेणी घालावी तशी. गुंफण घट्ट झाली की पिशवी आवरणात मिसळून जाते. पण मग ती वेणी सोडवायला हवी, नाहीतर पेड पुढच्या वेळी वापरता येणार नाहीत. सोडवण्याचं काम एनएसएफ करतं, पेशीचं इंधन एटीपी जाळून. 'कोमाटोज' माशी गरम केली की न सुटलेल्या गुंफणी साचत जातात आणि टोकाशी पिशव्यांची गर्दी होते, पण त्या रिकाम्या होत नाहीत. संदेश थांबतो, माशी पडते. १९७६ मध्ये उभं केलेलं कोडं बावीस वर्षांनी असं सुटलं, तेही दुसऱ्यांच्या हातून.

आता विचार करा, १९९८ नंतर एनएसएफवर लिहिणारा माणूस संदर्भ कुणाचा देईल? जवळचा, म्हणजे १९९५ चा. त्याच्या दहा वर्षांनंतरचा माणूस एखाद्या आढावा-लेखाचा देईल. गूगल स्कॉलर सिद्दिकींच्या खात्यात यातलं काहीच जमा करत नाही. चूक त्या यंत्राची नव्हे. त्याला जे मोजायला सांगितलंय ते ते मोजतं.

एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात 'शिबिरे'चं श्रेयही सिद्दिकींना देऊन टाकाल. ते करू नका. ती सुझुकींच्या गटाची. सिद्दिकी आणि बेंझर यांनी तिचा विद्युत्-अभ्यास केला, इतकंच. तरी तिचं पुढे काय झालं हे सांगण्यासारखं आहे, कारण ही जात नंतर अवजार बनली. २००१ मध्ये तोशिहिरो किटामोटो यांनी 'शिबिरे'चं उष्णतेने बिघडणारं रूप माशीच्या मेंदूतल्या निवडक चेतापेशींत घालण्याची सोय केली. तापमान ३० अंशांच्या आसपास नेलं की नेमक्या त्याच पेशी मुक्या होतात, खाली आणलं की बोलू लागतात. लगेच त्याच वर्षी दोन गटांनी हे वापरून दाखवलं की माशीला वासाची आठवण काढताना मेंदूतल्या 'मशरूम बॉडी'च्या पेशींचं बोलणं लागतं, पण शिकताना लागत नाही. शिकणं आणि आठवणं असं बटण दाबून वेगळं करता येईल हे १९७३ मध्ये कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. (जाता जाता: 'शिबिरे'ला २९-३० अंश पुरतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी एसी बंद पडला तर प्रयोग आपोआपच सुरू होतो. 'कोमाटोज' मात्र पुण्याच्या उन्हाळ्याचाही बऱ्यापैकी सामना करते.)

वासाचं काम हा दुसरा धागा. इथे मला थोडं कडक बोलायचंय.

मुंबईला परतल्यावर सिद्दिकींनी माशीच्या वास आणि चवीकडे लक्ष वळवलं. तेव्हा त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी आली, व्हेरोनिका रॉड्रिग्ज. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म नैरोबीचा, पदवी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची. सिद्दिकींचं काम वाचून तिने त्यांना पत्र लिहिलं आणि पीएच.डी.साठी थेट टीआयएफआर गाठलं. त्या काळी सगळी रांग उलट्या दिशेने, इथून तिकडे लागलेली असायची, हे लक्षात घ्या. १९७८ मध्ये दोघांचा पेपर इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमध्ये आला. वाय आकाराच्या नळीत माश्या सोडायच्या, एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा, आणि किती माश्या कुठे जातात ते मोजायचं. या साध्या यंत्राने त्यांनी वास न ओळखणारे म्युटंट वेगळे काढले. त्यांतले काही एका गटातल्या वासांपुरते बधिर होते, बाकीचे वास त्यांना व्यवस्थित कळत. म्हणजे वेगवेगळ्या वासांसाठी वेगवेगळे मार्ग असले पाहिजेत, हे जनुकांच्या भाषेत पुढे आलं. सस्तन प्राण्यांमधल्या वास-ग्राहकांची, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची (रिसेप्टरांची), जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना सापडायला अजून तेरा वर्षं होती.

कडक बोलायचं ते असं: माशीतल्या वास-ग्राहकांची जनुकं या म्युटंटांतून मिळाली नाहीत. ती १९९९ मध्ये अमेरिकेतल्या गटांना मिळाली, प्रामुख्याने जीनोमची अक्षरं चाळून. अपेक्षा होती की बधिर माशीचा माग काढत गेलं की ग्राहक सापडेल, आणि तसं झालं नाही. वास-ग्राहकांची जनुकं साठेक आहेत. त्यातलं एक बिघडलं तरी माशी बऱ्याचदा उरलेल्यांवर भागवून घेते आणि नळीत ठीकच वागते. तेव्हा 'सिद्दिकींनी वासाचं कोडं सोडवलं' असं म्हणू नका. श्रद्धांजलीच्या लेखांत असं काहीबाही लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

मग प्रभाव कुठे? रॉड्रिग्जच्या पुढच्या कामात बघा. १९८८ मध्ये तिने एकटीच्या नावावर एक पेपर लिहिला. किरणोत्सारी डीऑक्सिग्लुकोज, म्हणजे साखरेसारखा एक रेणू, माशीला द्यायचं, वास दाखवायचा, आणि मेंदूच्या वासाच्या केंद्रात कुठल्या गाठी जास्त साखर खेचतात ते बघायचं. वेगळा वास दिला की वेगळ्या गाठी जाग्या होतात, असा तो नकाशा होता. कॅल्शियमच्या चमकेवरून जिवंत मेंदू पाहण्याचं तंत्र आल्यावर हेच चित्र जगभर अधिक बारकाईने काढलं गेलं. पेपरवर गाईडचं नाव नाही याकडे लक्ष द्या. जीवशास्त्रात शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं, आणि बहुतेक प्रमुख ते सोडत नाहीत. यादीत नाव नसणं हाही कारकिर्दीबद्दलचा पुरावाच. पुढे रॉड्रिग्जने वासाची इंद्रियं घडवणारी जनुकं शोधली. शेवटच्या वर्षांत मणी रामस्वामी यांच्याबरोबर, सतत येणाऱ्या वासाकडे माशी दुर्लक्ष करायला कशी शिकते यावर काम केलं. २०१० मध्ये ती गेली. त्यातला महत्त्वाचा पेपर नंतर, २०११ मध्ये आला.

खरं सांगायचं तर तुमच्या सेमिनारला 'सिद्दिकी आणि रॉड्रिग्ज' असं शीर्षक दिलंत तर ते जास्त प्रामाणिक होईल.

माणसं आणि जागा यांचा हिशेब मी थोडक्यात देतो. तो करायला सोपा आहे आणि भाषणात लांबला की कंटाळा येतो. डिसेंबर १९७९ मध्ये टीआयएफआरमध्ये माशीचा विकास आणि वर्तन यावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचा ग्रंथ १९८० मध्ये आला. संपादक चौघे: सिद्दिकी, पी. बाबू, लिंडा हॉल आणि जेफ्री हॉल. हे शेवटचे म्हणजे २०१७ च्या नोबेलचे मानकरी. माशीचं चेताशास्त्र अजून बाळसं धरत होतं तेव्हा त्याची एक मोठी बैठक कुलाब्यात भरली होती, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना माहीतच नसतं. महाबळेश्वरला टीआयएफआरने आधुनिक जीवशास्त्रावरचे परिसंवाद सुरू केले तेही त्याच दशकात. आपण तिथे स्ट्रॉबेरी खायला जातो. नंतर बंगळूरला एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) उभं राहिलं, सिद्दिकी त्याचे संस्थापक-संचालक. के. विजयराघवन, जे पुढे २०१८ ते २०२२ केंद्र सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार होते, ते याच परंपरेतले. रॉड्रिग्जही तिकडेच गेली. संचालकपद सोडल्यावर सिद्दिकी पुन्हा प्रयोगाच्या टेबलाशी बसले. २०१० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, नुकत्याच कोशातून बाहेर आलेल्या माशीला मिळालेला वासाचा अनुभव तिच्या वास घेणाऱ्या पेशींचा प्रतिसाद कसा बदलतो यावर त्यांचा पेपर आला. २०१३ च्या जुलैमध्ये बंगळूरला रस्ते-अपघातानंतर त्यांचं निधन झालं. पद्मविभूषण, रॉयल सोसायटी वगैरे आहेच. एका ओळीत सांगा.

वर्गातल्या कँडेलवाल्यांविषयी. कँडेल मोठेच आहेत. समुद्री गोगलगायीच्या सुमारे वीस हजार चेतापेशींत स्मृती शोधणं, ती सेरोटोनिन, सायक्लिक एएमपी आणि क्रेब या रेणूंच्या साखळीपर्यंत नेणं, आणि वर १९८१ पासून पिढ्या ज्यावर वाढल्या ते पाठ्यपुस्तक उभं करणं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण आठ जणांच्या आठ सेमिनारमध्ये गोगलगायीचं तेच चित्र येणार आहे. शिवाय स्मृतीच्या रेणूंच्या क्षेत्रात सायटेशन आणि टिकाऊपणा यांचा मेळ बसतोच असं नाही. पीकेएम-झीटा या प्रथिनाचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये टॉड सॅक्टर यांच्या गटाने दाखवलं की ते रोखणारं एक रसायन मेंदूत सोडलं की जुनी स्मृती पुसली जाते. प्रचंड गाजलं, प्रचंड उद्धृत झालं. २०१३ मध्ये दोन गटांनी हे प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांची स्मृती ठीक निघाली. गंमत म्हणजे ते रसायन या उंदरांतही स्मृती पुसत होतं! मग सॅक्टर गटाने म्हटलं की त्या उंदरांत त्याचं भावंड-प्रथिन कामाला येतं. वाद चालू राहिला, आणि वादातल्या प्रत्येक पेपरने २००६ च्या पेपरचं एक सायटेशन वाढवलं. आकडा फक्त 'लोक यावर बोलतायत' एवढंच सांगतो.

उलट प्रकारची कारकीर्द हवी असेल तर टीआयएफआरच्या शुभा टोळे यांची पाहा. सिद्दिकी बुरशी, जीवाणू, माशी असे सजीव बदलत गेले. टोळे यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूचं बाह्यक (बाहेरचा थर) आणि हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) कसे घडतात या एका प्रश्नाभोवती, आणि त्यातही एलएचएक्स-२ या जनुकाभोवती, वर्षानुवर्षं खोदकाम केलं. २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. दोन्ही पद्धती चालतात. पण दोन्ही एकाच आकड्याने मोजायला गेलं की दोघांवरही अन्याय होतो. प्रश्नोत्तरांत वेळ शिल्लक राहिला तर यातलं एक वाक्य वापरा, नाहीतर सोडून द्या.

आता प्रत्यक्ष तयारी. १९७६, १९९५ आणि १९९८ चे पेपर एकामागून एक वाचा, याच क्रमाने, आणि प्रत्येकात 'कोमाटोज'बद्दल काय माहीत होतं ते एका कागदावर लिहा. तोच कागद तुमच्या भाषणाचा कणा. १९७८ चा पेपर अकॅडमीच्या संकेतस्थळावर मिळेल. फ्लायबेस नावाच्या माहितीसाठ्यात जनुकाचं नाव टाका. कुठली म्युटंट रूपं आहेत आणि कुठल्या पेपरमध्ये वापरली गेली, सगळं निघेल. एक दिवस पाषाणला आयसर या विज्ञान-संस्थेत, जिथे फळमाशीवर काम होतं, तिथल्या एखाद्या पीएच.डी.च्या मुलाला मेल करा आणि फ्लाय रूम बघायची परवानगी मागा. तापमानाला हळवी असलेली एखादी जात त्यांच्याकडे असली तर गरम पाण्याच्या भांड्यात व्हायल बुडवून दाखवायला सांगा. फोनवर चित्रीकरण करता आलं तर आणखी उत्तम. माश्या पडताना दिसल्या की वर्ग जागा होतो, मग एनएसएफ समजावणं सोपं जातं.

ग्लासगो आणि गॅरेन मिळून दोन मिनिटं, बेंझर तीन, 'कोमाटोज' आठ, वास आणि रॉड्रिग्ज पाच, संस्था दोन. परीक्षकाने एच-इंडेक्स विचारला तर लपवू नका, जो असेल तो सांगा. आणि १९९५ च्या पेपरची स्लाइड शेवटी तयार ठेवा, पुढचा प्रश्न बहुधा तिच्यावरच येईल.